वासराच्या खुराकांतील चोथा

[दूध घालणाऱ्या शेतकरी मंडळींच्या सभेंत आम्हीं केलेलें भाषण. जे बंधु त्या दिवशीं कामामुळें येऊं शकले नाहींत त्यांच्या सांगण्यावरून येथें देत आहों.]



आज आम्ही आपल्यापुढें एक फार लहान गोष्ट घेऊन उभे आहों. ती इतकी लहान कीं तिच्यासाठीं कोणी सभा भरवीत नाहीं. दुधाला भाव काय मिळाला, फॅट किती लागली, पेंडीचें पोतें किती रुपयांनीं चढलें, यांवर आपण रोज तोंड दुखेपर्यंत बोलतों. परंतु जिच्यामुळें पुढें घरांत दूध यावयाचें ती गोठ्याच्या कोपऱ्यांत बांधलेली दीड महिन्याची कालवड काय खाते, असें विचारलें तर घरधनी म्हणतो, "खाते कीं वैरण. गाईपुढची उरलेली टाकतों तिला." आमचें आजचें सारें सांगणें या एका उत्तराविषयीं आहे.

दुसऱ्याचे दोष काढण्याआधीं आमचा स्वतःचा सांगतों. कांहीं वर्षांमागें आमच्या दावणीला एक संकरित कालवड झाली. अंगानें चांगली, डोळ्यांत पाणीदार. घरांत हप्त्याची ओढ होती, म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून तिचें दूध आम्हीं निम्म्यावर आणलें आणि उरलेलें डेअरीच्या किटलींत ओतलें. तिचें पोट भरावें म्हणून पुढें कडब्याची कुट्टी टाकूं लागलों. ती भुकेली होती, म्हणून खात गेली. महिन्याभरांत पोट घागरीसारखें झालें. येणारेजाणारे म्हणत, "कालवड कशी भरली आहे!" आम्हीही खूष झालों. फक्त आमच्या मातोश्री म्हणाल्या, "पोट वाढतंय, पाठ कुठं वाढतीय?" त्यांना अक्षर ओळखीचें नव्हतें, पण आयुष्यभर त्यांनीं वासरें पाहिलेलीं. आम्हीं त्यांचें ऐकलें नाहीं. पुढें बाजारांतून वासराच्या खुराकाचें म्हणून एक पोतें आणलें. पोत्यावर गुबगुबीत वासराचें चित्र होतें. अडीच महिन्यांची असतांना कालवडीला हगवण लागली, ती चार दिवसांत गेली. जनावरांच्या डॉक्टरांनीं तिचें पोट उघडून आम्हांला दाखविलें. आंत कडब्याचा गच्च लगदा, आणि पोटाची आंतली कातडी तळहातासारखी गुळगुळीत. घरीं येऊन त्या पोत्यांतला मूठभर खुराक आम्हीं तांब्यांत ढवळला. अर्ध्याहून अधिक भुसा वर तरंगला, तो शेंगांच्या टरफलांचा होता. त्या दुकानदाराचें नांव आम्ही घेत नाहीं. दोष त्याचा जेवढा, तेवढाच आमचाही आहे. पोत्याला शिवलेली चिठ्ठी आम्हीं वाचलीच नव्हती.

तर ती कातडी गुळगुळीत कां राहिली, आणि तसें होऊं नये म्हणून काय करावें, हें समजून घेण्यांत आम्हीं पुढें बराच काळ घालविला. जें समजलें तें आपल्यापुढें ठेवतों.

गाईला पोटाचे चार कप्पे असतात हें आपण खाटकाकडून आणि डॉक्टराकडून ऐकलेलें आहे: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथें खरें पोट. मोठ्या गाईंत कोटीपोटच सर्वांत मोठें, एकूण पोटाच्या चार-पंचमांश. तेथें कोट्यवधि सूक्ष्म जंतु राहतात, तेच गवताचा चोथा फोडून गाईला अन्न करून देतात. गाय कडबा पचविते असें आपण म्हणतों, पण खरें पाहतां गाईच्या पोटांतले जंतु तो पचवितात आणि गाय त्यांच्या कष्टावर जगते.

जन्मलेल्या वासराचें तसें नसतें. त्याचें चौथें पोट निम्म्याहून मोठें असतें आणि कोटीपोट जेमतेम पाव हिस्सा, रिकाम्या पिशवीसारखें. वासरूं आचळाला लागलें कीं घशाखालीं एक पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोटाला न शिवतां थेट चौथ्या पोटांत जातें. म्हणून महिन्याचें वासरूं हें रवंथ करणारें जनावर नव्हे. तें दुधावर जगणारें पोर आहे. आपल्या घरांतल्या तान्ह्या मुलापुढें कोणी भाकरी टाकतो काय? मग वासरापुढें कडबा टाकून त्याला दुधापासून तोडणें हा न्याय कोठला?

आतां कोणी म्हणेल, कोटीपोट मोठें करावयाचें तर त्यांत वैरण कोंबलीच पाहिजे. आमचाही समज तसाच होता, आणि एके काळीं शिकलेल्या लोकांचाही होता. हा समज अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतल्या कॉर्नेल विद्यापीठांत वॉर्नर, फ्लॅट आणि लूस्ली या तिघांनीं तपासून पाहिला. 1956 सालीं त्यांचें काम छापून आलें. कांहीं वासरांना नुसतें दूध, कांहींना दुधाबरोबर वाळलें गवत, कांहींना दुधाबरोबर धान्याचा खुराक असें देऊन त्यांनीं वासरांचीं पोटें तपासलीं. दुधावरच्या वासरांचें कोटीपोट लहान आणि आंतून सपाट निघालें. गवतावरच्यांचें पोट आकारानें मोठें झालें, पण आंतली कातडी पातळ आणि तिच्यावरचे अंकुर बारीक. धान्य खाल्लेल्यांच्या पोटांत मात्र ओल्या मखमलीवर उठावे तसे दाट, लांब, काळपट अंकुर होते. अन्नाचें सत्त्व रक्तांत ओढून घ्यावयाचें काम हेच अंकुर करतात. अंकुर नाहींत तर पोट कितीही मोठें असो, तें नुसतें पोतें आहे.

त्यावरही त्यांचें समाधान झालें नाहीं. चोथा आंत घासला जातो म्हणून अंकुर येत असतील, अशी शंका उरली होती. म्हणून 1958 च्या प्रयोगांत त्यांनीं वासरांच्या कोटीपोटांत प्लास्टिकचे स्पंज घालून पाहिले. पोट ताणलें, वाढलें, पण अंकुर आले नाहींत. मग 1959 सालीं त्याच विद्यापीठांतल्या मंडळींनीं नुसतीं आम्लें कोटीपोटांत सोडलीं, तेव्हां अंकुर आले. हीं आम्लें कोणतीं? धान्य कोटीपोटांत आंबलें म्हणजे जंतु जीं तयार करतात तीं. त्यांतल्या एकाला ब्युटिरिक आम्ल म्हणतात. खवट लोण्याचा वास आपल्या बायकांना ओळखीचा आहे, तो याच आम्लाचा. चोथा आंबला कीं मुख्यतः शिर्क्यांतलें आम्ल होतें, आणि त्याचा अंकुरांवर परिणाम फार थोडा. म्हणजे आमच्या कालवडीच्या पोटाची कातडी गुळगुळीत राहिली त्याचें कारण कॉर्नेलच्या मंडळींनीं आमच्या कितीतरी आधीं लिहून ठेवलें होतें. तें इंग्रजींत होतें, मोठ्या ग्रंथालयांत होतें, आणि आमच्या गोठ्यापर्यंत येण्याची त्याला वाट नव्हती. विद्या कोणाच्या घरीं राहते आणि कोणाच्या दारापर्यंत येत नाहीं, हा आपला जुनाच प्रश्न आहे. जोतीराव फुल्यांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यांत कुणब्याच्या जनावरांची चारणीवांचून होणारी उपासमारही मांडली आहे. गायरान गेल्याची उपासमार डोळ्यांना दिसते. भरल्या पोटाची उपासमार दिसत नाहीं, उलट बघणारे कौतुक करून जातात.

हें ऐकून कोणी घरीं जाऊन कालवडीपुढें मक्याच्या पिठाची पाटी ठेवील, तर त्यानें आणखी थोडें थांबावें. चोथा वाईट असें आम्हीं म्हटलेलें नाहीं. तो किती, कोणता आणि किती बारीक, येथें सारें आहे.

नुसतें धान्य, तेंही बारीक दळलेलें, दिलें तर तें कोटीपोटांत भराभर आंबतें आणि आम्ल गरजेपेक्षां जास्त होतें. पोट फुगतें, वासरूं खाणें सोडतें, शेण पातळ होतें. त्यांतही वाईट म्हणजे अंकुरांवर मेलेल्या कातडीचे थर चढतात, अंकुर एकमेकांस चिकटून त्यांचे गुंते होतात, आणि जे सत्त्व ओढावयाचे तेच बुजतात. चोथा येथें कामास येतो. तो आंत झाडूसारखा फिरून जुनी कातडी खरवडून काढतो, आणि वासराला चावावयास लावतो. चावलें कीं लाळ सुटते, लाळेंत क्षार असतात, ते आम्ल मारतात. वासरूं दोन-तीन आठवड्यांचें झालें कीं निजल्या जागीं जबडा हलवूं लागतें, तें आपण पाहिलें असेल. तो जबडा हलणें म्हणजे घरचें औषध.

म्हणून खुराक भरडलेला असावा, पीठ नसावा. जात्याची खुंटी सैल करून मका दोन-चार तुकड्यांत फोडावा इतकाच. गिरणीवाल्याला "भाकरीचा नको, भरडा दे" एवढें सांगितलें तरी पुरे. पीठ वासराच्या नाकांत जातें, ओलसर तोंडाला चिकटतें, आंबतें, आणि पोटांतही तेंच करतें.

आतां पोत्यावरच्या आकड्याकडे येऊं. चिठ्ठीवर 'क्रूड फायबर' म्हणून एक ओळ असते. क्रूड म्हणजे कच्चा हिशेब, फायबर म्हणजे चोथा. मोठ्या गाईच्या पेंडींत हा आकडा दहा-बारा टक्के चालतो. लहान वासराच्या खुराकांत तो सातच्या आसपास किंवा त्याखालीं असावा, आणि प्रथिनें वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून थोडीं अधिक. गाईचेंच पोतें वासरापुढें ओततां येत नाहीं याचें पहिलें कारण हें.

पण या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवूं नये, आणि हें आम्ही जरा जोरानें सांगतों. हा आकडा काढण्याची रीत जर्मनींत वेंडे नांवाच्या ठिकाणीं 1860 च्या सुमारास बसविली गेली. खाद्य आधीं आम्लांत उकळावयाचें, मग खारांत उकळावयाचें, आणि जें उरेल त्याला चोथा म्हणावयाचें. त्या उकळण्यांत चोथ्याचा बराच भाग विरघळून जातो, म्हणून आकडा खऱ्याहून लहान दिसतो. 1960 नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पीटर व्हॅन सोस्ट या शास्त्रज्ञानें साबणासारख्या द्रव्यांत उकळून चोथा मोजण्याची चांगली रीत काढली. त्या रीतीनें सर्व चोथा निराळा दिसतो, आणि त्यांतला लांकडासारखा, कधींच न पचणारा भागही निराळा काढतां येतो. आपल्या पोत्यांवर मात्र बहुधा जुनाच आकडा असतो. सोयाबीनच्या सालींत चोथा पुष्कळ, पण तो जंतूंना सहज फुटतो. भुईमुगाच्या टरफलांत आणि भाताच्या तुसांत चोथा पुष्कळ, आणि तो लांकूड आहे. जुन्या रीतीचा आकडा या दोहोंतला भेद सांगत नाहीं. दोन पोत्यांवर एकच आकडा असूं शकतो, एकांत अन्न आणि दुसऱ्यांत भुसा.

तेव्हां चिठ्ठी वाचावी आणि तांब्याची परीक्षाही करावी. मूठभर खुराक स्वच्छ पाण्यांत ढवळून पांच मिनिटें ठेवावा. टरफल, तूस, पोकळ साल वर येतें. वाळू-माती तळाशीं बसते. वर थोडा कोंडा येणारच, त्याला घाबरूं नये, पण बोटांनीं चोळून पाहावा. कोंडा मऊ पडतो, टरफल टोंचतें.

ज्यांना पोत्यावर अवलंबून राहावयाचें नाहीं त्यांनीं खुराक घरींच करावा. शंभर किलोचा हिशेब असा: मक्याचा भरडा 50 किलो, सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची चांगली पेंड 28 किलो, गव्हाचा कोंडा 10 किलो, हरभऱ्याची चुनी 9 किलो, खनिज मिश्रण 2 किलो, मीठ 1 किलो. यांत प्रथिनें वीस टक्क्यांच्या जवळ येतात आणि जुन्या रीतीचा चोथा पांच-सहा टक्के. मका नसेल तर ज्वारीचा भरडा चालेल. शेंगदाण्याची पेंड घ्यावयाची तर ती नाकाला लावून घ्यावी. कुबट वास आला, बुरशीचा हिरवा-काळा डाग दिसला, तर स्वस्त असली तरी घेऊं नये. त्या बुरशीचें विष काळजाला जाऊन बसतें, आणि लहान जनावराला तें आधीं लागतें. पावसाळ्यांत एकदम शंभर किलो करूं नये, पंधरा दिवसांपुरता करावा.

सरकीबद्दल वेगळें सांगावें लागतें, कारण आपल्या भागांत सरकीवर सर्वांचा जीव. गाईचें दूध वाढतें हें खरें. पण सरकींत गॉसिपॉल नांवाचें एक विष असतें. मोठ्या गाईच्या कोटीपोटांतले जंतु तें बरेंच निकामी करतात. वासराचें कोटीपोट अजून बसलेलें नसतें, तें विष तसेंच रक्तांत उतरतें आणि काळजावर जातें. वासरूं धापा टाकतें आणि आपण म्हणतों दृष्ट लागली. लहान वासराला सरकी आणि सरकीची पेंड देऊं नये. युरिया टाकलेली वैरण किंवा पेंड तर मुळींच नको. वर सांगितलेल्या गाईच्या पोत्यांतही युरिया असूं शकतो, हें दुसरें कारण.

मग वैरण द्यावी कीं नाहीं? येथें शिकलेल्यांचाही वाद आहे आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं. कॉर्नेलच्या कामानंतर पुष्कळ वर्षें अमेरिकेंतले सल्लागार सांगत, दूध तुटेपर्यंत गवताची काडी दाखवूं नका. अलीकडे तें मत सैल झालें. 2011 सालीं कॅनडांत ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांतल्या खान, वीरी आणि फॉन कायझरलिंक यांनीं भरपूर दूध पिणाऱ्या वासरांना चिरलेलें गवत दिलें. त्यांचें खाणें आणि कोटीपोटाची वाढ दोन्ही सुधारलीं. 2012 सालीं स्पेनमधल्या कास्टेल्स यांनीं व इतरांनीं गोळीखुराकाबरोबर निरनिराळ्या वैरणी चिरून दिल्या. ओटचें वाळलें गवत, जवाचें काड अशा वैरणींबरोबर वासरांनीं खुराकही जास्त खाल्ला. मात्र लसूणघास दिला तेव्हां वासरें तोच जास्त खाऊं लागलीं आणि खुराकाला तसा फायदा झाला नाहीं. आणि ज्या वैरणींचा फायदा झाला त्या वासरांनीं आपखुषीनें खाल्ल्या त्या एकूण कोरड्या खाण्याच्या चार-पांच टक्केच! किलोभर खुराकामागें चिमटीभर काड, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे आपल्या मातोश्रीही खऱ्या आणि कॅनडावालेही खरे. वैरण ही वासराच्या ताटांतली चटणी आहे, आपण तिचा भात करून बसलों. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाळलेलें मऊ गवत, किंवा कडब्याच्या वरच्या पानांची बोटाच्या पेरापेक्षां लहान कुट्टी, मूठभर, वेगळ्या टोपलींत ठेवावी. कडब्याचें दांड, भाताचा पेंढा, उसाचें वाढें हीं वासराची वैरण नव्हेत. वाढ्यांत चुन्याला बांधून ठेवणारें एक आम्ल असतें, हाडें धरण्याच्या वयांत तें नको. लसूणघास चांगला, पण तो दूध तुटल्यावर वाढवावा.

आणि दूध? तें तोडण्याची घाई हेंच मूळ दुखणें. पहिली गोष्ट चीक. गाईच्या गर्भांतून वासराला रोगाशीं झुंजण्याची शक्ति मिळत नाहीं, ती फक्त चिकांतून येते, आणि आंतड्याचें दार एका दिवसांत मिटतें. तासा-दोन तासांत पहिला चीक, आणि पहिल्या दिवसांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर, पोटांत गेलाच पाहिजे. खरवस आवडत नाहीं असा मराठी माणूस नाहीं, आम्हीही खातों, पण वासराचा वांटा गेल्यावर उरेल त्याचा. पुढें रोजचें दूधही वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी करूं नये, जास्त देतां आलें तर उत्तम. चौथ्या-पांचव्या दिवसापासून खुराकाची चिमूट तोंडाला लावावी, मूठभर पुढें ठेवावा, उरलेला रोज काढून गाईला घालावा. महिन्याचें वासरूं पाव-अर्धा किलो खाऊं लागतें. अंकुर उगवावयाला, खुराक नीट खाऊं लागल्यापासून, तीनेक आठवडे लागतात, त्याला दुसरी युक्ति नाहीं. संकरित कालवड लागोपाठ तीन दिवस रोज किलोभर खुराक खाईल तेव्हां दूध हळूहळू तोडावें. बहुधा हें दोन महिन्यांच्या सुमारास होतें. पंचांग पाहून तोडूं नये, पाटी पाहून तोडावें.

पाण्याचें बहुतेकांच्या ध्यानांतच नसतें. "दूध पितें कीं, पाणी कशाला?" पण आपण पाहिलें कीं दूध कोटीपोटांत उतरत नाहीं. मग तेथलें धान्य आंबावें कशांत? कोरड्या पिठांत इडलीसुद्धां होत नाहीं. 1984 सालीं अमेरिकेंत कर्ट्झ वगैरेंनीं हें मोजलें. वेगळें पाणी न मिळालेल्या वासरांनीं खुराक 31 टक्के कमी खाल्ला आणि त्यांचें वजन 38 टक्के कमी वाढलें. एका बादलीचा हा प्रश्न आहे. ज्या गोठ्यांत वसुबारसेला गाय-वासराच्या पायांवर पाणी घालून पूजा होते, त्याच गोठ्यांत दुसऱ्या दिवशीं वासराच्या तोंडासमोर पाणी नसतें. पूजा सांगणाऱ्याला त्याची दक्षिणा मिळते, वासराला हळदकुंकू मिळतें. आम्ही पूजेच्या आड येत नाहीं. ज्याची श्रद्धा त्यानें करावी. पण आधीं बादली भरावी.

हें सारें सांगतांना पुढच्या रांगेकडे आमचें लक्ष आहे. येथें पुरुष मंडळी पुढें बसली आहेत आणि बाया मागें, भिंतीशीं. वासरूं पाजणें, शेण काढणें, पाटी ठेवणें हें काम गांवांतल्या दहांपैकीं नऊ घरांत कोण करतें तें सर्वांस ठाऊक आहे. आणि पेंडीच्या कंपनीचा माणूस आला कीं चहा पिऊन माहिती ऐकतो तो घरधनी! पुढच्या सभेला रांगा उलट बसाव्यात अशी आमची मागणी आहे. चिठ्ठ्याही मराठींत छापा, असें आपण सर्वांनीं मिळून दुकानदाराला सांगितलें पाहिजे. एकट्यानें सांगितलें तर तो हंसेल, चाळीस गिऱ्हाइकांनीं सांगितलें तर कंपनीला कळवील.

भाषण झाल्यावर कांहीं प्रश्न आले, तेही येथें देतों.

एका आक्कांनीं विचारलें, "कालवड वाढतीया का नुसतं पोट वाढतंय, हे ओळखायचं कसं? काटा कुठाय आमच्याकडं?" प्रश्न फार मोलाचा. वैरणीनें भरलेलें पोट तराजूलाही फसवितें, कारण कोटीपोटांत साठलेला लगदा वजनांत मोजला जातो. म्हणून पोट पाहूंच नये. सुतळी घ्यावी, पुढच्या पायांच्या मागून छातीभोवतीं फिरवावी आणि गांठ मारावी. पंधरा दिवसांनीं पुन्हां तीच सुतळी लावावी. गांठी पुढें सरकत असतील तर कालवड वाढते आहे. पोट सुटलें आणि गांठ जागची हलली नाहीं, तर वैरण कमी करून खुराक आणि दूध वाढवावें.

एक वृद्ध मामा म्हणाले, "आमच्या वेळीं असला खुराक नव्हता, तरी जनावरं जगलींच कीं." त्यांना आम्हीं विचारलें, "मामा, तुमच्या वेळीं धार कितीदां काढीत आणि वासराला किती ठेवीत?" ते हंसले. म्हणाले, "दोन आचळं वासराची, दोन घरची." तेंच उत्तर होतें. त्या वेळीं वासरूं अर्धी कांस पीत होतें आणि माळावर आईबरोबर फिरून कोवळें गवत निवडून खात होतें. आज दूध विकतों आणि माळ उरला नाहीं. दूध काढून घेतलें त्याची भरपाई कशानें तरी करावीच लागेल.

रेडकांविषयीं एकानें विचारलें. म्हशीच्या पारडाचें पोट मोठें दिसलें तर आधीं जंतांचा संशय घ्यावा, वैरणीचा नंतर. पारडाला जंत आईच्या दुधांतूनही येतात, म्हणून दहा-पंधरा दिवसांचें असतांनाच डॉक्टरांना विचारून जंताचें औषध पाजावें. खुराकाची रीत तीच, पण पारडूं खुराकाला उशिरा लागतें, तेव्हां त्याचें दूध गाईच्या वासरापेक्षां जास्त दिवस चालू ठेवावें.

शेवटीं एक तरुण म्हणाला कीं हिशेब जुळत नाहीं, दूध विकलें तर रोख येते, वासराला पाजलें तर येत नाहीं. त्याला आम्हीं त्याच्याच गोठ्यांतली गाय दाखविली. ती पहिल्यांदा कधीं व्याली? चौथ्या वर्षीं. लहानपणीं नीट पोसलेली तिच्याच जातीची गाय अडीच वर्षांच्या आसपास विते. मधल्या वर्षाची वैरण, पाणी, शेण काढण्याची मजुरी त्यानें फुकट घातली आणि एका वेताचें दूध गमावलें. वांचविलें काय, तर दोन महिन्यांचें रोजचें दीड-दोन लिटर. तो गप्प बसून बोटांवर मोजीत राहिला. आमच्यापेक्षां तो हिशेब त्याचा त्यालाच चांगला जमेल.

पुढच्या बाजाराच्या दिवशीं दुपारीं आम्ही चावडीच्या ओट्यावर बसणार आहों. ज्यांच्या घरीं वासराच्या किंवा गाईच्या खुराकाचें पोतें आहे त्यांनीं त्याची चिठ्ठी कापून आणावी आणि मूठभर खुराक पदरांत बांधून आणावा. चिठ्ठी मराठींत वाचून सांगूं. पाण्याचे तांबे आम्ही ठेवूं.